शेळीसोबत लेकरू दवाखान्यात येतं तेव्हा

(दुधनी येथे बचत गटांच्या बैठकीत एका पशुसखीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

मला आज बोलायला सांगितलंय शेळ्यांच्या लसीकरणावर. ते मी सांगणारच आहे. पण दरवेळी लसीकरण म्हटलं की आपण शेळी, लस, बिल्ला आणि यादी एवढंच बोलतो. शेळीची दोरी धरून कोण येतं, ते कुणी बोलत नाही. दवाखान्यासमोर कधी पाच मिनिटं उभं राहून बघा. अर्ध्या शेळ्यांची दोरी लेकरांच्या हातात असते. आई खुरपायला गेलेली, बाप मार्केट यार्डात हमालीला, आजीला चालवत नाही. मग शेळी कोण आणणार? चौथी-पाचवीतली पोरगी. काखेत करडू, पायात चप्पल असेल तर असेल. आणि त्या पोरीला घरातून निघताना एवढंच सांगितलेलं असतं, "जा, सुई मारून आण."

तिथं काय होणार, कोण काय विचारणार, शेळी ओरडली तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आज मला त्या लेकरांविषयी बोलायचंय.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. आपल्यासारख्याच एका गटातल्या ताई. गटाच्या कर्जातून दोन उस्मानाबादी शेळ्या घेतलेल्या. घरात सात वर्षांचा पोरगा, त्याचा त्या शेळ्यांवर भारी जीव. एक वर्ष हप्त्याची अडचण आली, तेव्हा ताईंनी एक शेळी बाजारात विकली. पोरगा शाळेतून आला आणि विचारायला लागला, "आपली तांबडी कुठाय?" तो रडेल म्हणून ताई म्हणाल्या, "तिला बरं नव्हतं. डॉक्टरकडे नेलीय." दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा तेच. आठ दिवसांनी पोरानं विचारायचं सोडलं. ताईंना वाटलं, विसरला.

तो विसरला नव्हता. पुढच्या वर्षी सुगीत दुसरी शेळी खळ्यावरची ज्वारी पोटभर खाऊन बसली. घरी पोरगा एकटाच. त्याला दिसलं, शेळीची डावी कूस फुगलीय, ती दात खातेय, खाली बसतेय, पुन्हा उठतेय. त्यानं शेजारच्या काकूंना हाक मारली नाही. शेळी घराच्या मागं नेऊन बांधली, वर गोणपाट टाकलं आणि तिच्याजवळ बसून राहिला. संध्याकाळी आई आली तेव्हा शेळी आडवी झालेली. पहाटे गेली. गाभण होती. नंतर ताईंनी विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?" तर पोरगा म्हणाला, "तू हिलाही डॉक्टरकडे नेली असतीस."

पोटफुगीत तास-दोन तासांवर सगळं असतं. वेळेत डॉक्टर आले असते तर बहुतेक वाचली असती. त्या पोरानं काहीच चुकीचं केलं नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरून त्यानं शेळीला वाचवायचाच प्रयत्न केला. डॉक्टरकडे गेलेली शेळी परत येत नाही, हे त्याला घरातूनच शिकवलेलं होतं.

मी त्या ताईंना दोष देत नाही. लेकराचं रडणं कुणाला बघवतं? पण विकली तर विकली म्हणून सांगावं. "हप्ता भरायचा होता बाळा, म्हणून विकली." सात वर्षांच्या पोराला हप्ता कळतो. गटाची बैठक झाली की आई कसल्या तोंडानं घरी येते, ते त्याला दिसत नाही का? आता हसताय, पण खरंय. विकलेल्या जनावराला डॉक्टरच्या नावावर खपवू नका.

दुसरी सवय आपल्या सगळ्यांची. लेकरू जेवत नाही, "थांब, डॉक्टरला बोलावते, सुई देईल." लेकरू झोपत नाही, "सुईवाला आला बघ." आणि मग त्याच लेकराला म्हणायचं, चल, आपल्या करडाला सुई द्यायला जाऊ. त्याला काय वाटेल? आईचा राग आता करडावर निघतोय, असंच वाटणार. शिक्षा म्हणून जिचं नाव घेतलं ती सुई औषध कशी होईल? दवाखान्याच्या दारात लेकरं दोरी सोडून पळतात ती उगाच नाही. मोकळी सुटलेली शेळी रस्त्यावर धरायची म्हणजे काय, ते ज्यांनी धरलीय त्यांना विचारा.

मग सांगायचं काय? जे होणार आहे तेच सांगायचं, आदल्या दिवशी, चार वाक्यांत. "उद्या आपण बकरीला दवाखान्यात नेणार. डॉक्टर तिला हात लावून बघतील, मानेजवळ सुई टोचतील. टोचताना ती ओरडेल, पण लगेच गप होईल. लस दिली की तिला मोठा आजार होणार नाही, आणि आपण तिला घेऊन घरी येणार." शेवटचं वाक्य लेकराला सगळ्यात जास्त हवं असतं. पण जनावर फार आजारी असेल आणि परत येण्याची खात्री नसेल, तर ते वाक्य बोलू नका. तेव्हा म्हणायचं, "ती लई आजारी आहे. डॉक्टर प्रयत्न करतील." आणि "काही दुखत नाही" असंही म्हणू नका. लेकराला स्वतःला सुई टोचलेली आठवते, तुमचं खोटं तिथंच उघडं पडतं. आपल्या दुधनीत निम्म्या घरांत कानडी बोलतात. मग कानडीत सांगा, "अंजबेड, स्वल्प नोव आगतद." घाबरू नको, थोडं दुखेल. थोडं दुखणार म्हटलं आणि थोडंच दुखलं, की पुढच्या वेळी लेकराचा तुमच्यावर भरवसा बसतो.

माझं म्हणणं, लेकराला पहिल्यांदा आजारी जनावराबरोबर नेऊच नका. पहिली खेप लसीकरणाचीच असू द्या. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाला द्यायची असते. कोवळं गवत खाऊन हा रोग येतो आणि चांगलं टणटणीत करडू रात्रीत जातं. ती लस घ्यायची वेळ आणि शाळेची उन्हाळी सुट्टी एकत्रच येतात. शाळा बुडत नाही, शेळी ठणठणीत असते, काम पाच मिनिटांचं असतं. करडाला पहिल्यांदाच ही लस देत असाल तर चौदा-पंधरा दिवसांनी दुसरा डोस लागतो. म्हणजे लेकराच्या आपोआप दोन खेपा होतात आणि दुसऱ्या खेपेला तेच शेजारच्या पोराला समजावून सांगायला लागतं. पीपीआरची लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की द्यायची, ती साधारण तीन वर्षं पुरते. लस टोचायच्या आधी जंताचं औषध पाजून झालेलं असावं.

घरी आधी खेळ करून बघा. लेकरं डॉक्टर-डॉक्टर खेळतातच, तोच खेळ शेळीबरोबर खेळायचा. एकानं डॉक्टर व्हायचं. शेळीचे कान बघायचे, ओठ उचलून दात बघायचे, पाय उचलून खूर बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा. डॉक्टर पोरीला करा. आपल्याकडे खेळातसुद्धा पोरगा डॉक्टर आणि पोरगी नर्स, हे कुणी ठरवलं माहीत नाही. या खेळाचा शेळीलाही फायदा होतो. जिला रोज हात लावून घ्यायची सवय आहे ती शेळी दवाखान्यात कमी उड्या मारते. शेळी धरायची कशी तेही याच वेळी शिकवा. एक हात जबड्याखाली, दुसरा छातीपुढे, शेळी आपल्या मांडीला टेकवून उभी. कान ओढायचा नाही, शिंग पिरगाळायचं नाही. औषध पाजायचं काम मात्र लेकराला अजिबात देऊ नका. तोंड फार वर केलं किंवा जीभ ओढून धरली तर औषध श्वासनळीत जातं, आणि आजारानं न मेलेली शेळी औषधानं मरते.

आता दवाखान्यात काय होतं ते बघू. केसपेपर निघतो आणि डॉक्टर विचारतात, कधीपासून? काय खाल्लं? रवंथ करते का? संडास पातळ का? लघवी झाली का? आपण म्हणतो, "कालपासून बरं नाही." शेळीला चारायला कोण नेतं? लेकरू. तिनं काल दुपारी बांधावरचं काय खाल्लं, कुणी तिला मारलं का, नाकातून पाणी कधी यायला लागलं, हे सगळं त्यालाच ठाऊक असतं. म्हणून निघायच्या आधी त्याला विचारून घ्या आणि दवाखान्यात त्यालाच बोलू द्या. त्याचं बोलणं मधेच तोडू नका. "तू गप रे, मी सांगते," म्हणून तुम्ही त्याला मागं सारलंत की डॉक्टरला लागणारी माहितीही मागं जाते. वाटेत वाया गेलेलं काही खाल्लंय, कुणाच्या शेतात फवारलेलं खाल्लंय, हे लेकरू घाबरून लपवतं, कारण शेळी दुसऱ्याच्या रानात गेली हे कबूल करावं लागतं. त्याला आधीच सांगा, "खरं सांगितलंस तर मी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका. विषबाधेत काय खाल्लं हे कळणं म्हणजे निम्मा उपचार आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. आळंद, अफझलपूरकडून आपल्याकडे सुना आल्यात. त्यांच्या सासूबाई, आई यांना मराठी धड येत नाही. डॉक्टर बदलून लांबून आलेले असतील तर त्यांना कानडी येत नाही. मधे उभं राहतं ते मराठी शाळेत जाणारं लेकरू. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं तेच सांगतं. औषध किती, किती वेळा, किती दिवस, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या आणि कागदावर लिहून आणायला सांगा. सकाळी एक गोळी आणि एका सकाळी सगळ्या गोळ्या, यात शब्दांचा फरक थोडा असतो.

लेकराला हातात काहीतरी काम हवं. रिकामं लेकरू घाबरतं, नाहीतर कुठल्यातरी बाटलीत बोट घालतं. सगळ्यात चांगलं काम म्हणजे कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर वाचणं. त्यावर बारा आकडे असतात. आपल्यातल्या कितीजणींना ते बारीक आकडे दिसतात? मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. लेकरू मोठ्यानं वाचतं, डॉक्टर लिहून घेतात. घरी एका वहीत प्रत्येक शेळीचं नाव, बिल्ल्याचा नंबर, कोणती लस कधी दिली, जंताचं औषध कधी पाजलं, हे लेकराच्या अक्षरात लिहून ठेवा. गटाची वही आपण ठेवतो तशीच ही शेळीची वही. विमा असेल तर हाच नंबर लागतो.

दुसरं काम लेंड्यांचं. जंताची शंका असेल तर डॉक्टर तपासायला लेंड्या मागतात. सकाळच्या ताज्या लेंड्या स्वच्छ कोरड्या डबीत भरून लेकरानं आणायच्या. पोरं याला खूप हसतात. हसू द्या, हसणारं लेकरू घाबरत नाही. फक्त डबीवर खूण करा, आणि ती डबी पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही हे बघा.

ताप बघतात तेव्हाही पोरं हसतात, कारण थर्मामीटर शेपटीखाली लावतात. ते आधी सांगून ठेवा. आणि एक आकडा सांगून ठेवा. माणसाला १०२ ताप म्हणजे आई रात्रभर उशाशी बसते. शेळीचं साधं, निरोगी अंगच १०२ ते १०३ असतं. डॉक्टर "एकशे दोन" म्हणाले की पोरगी रडायला लागते, असं मी बघितलंय. तिला घरी सांगितलेलं असतं तर ती उलट म्हणाली असती, बरोबर आहे की.

उभं कुठं राहायचं, यावर मात्र मी कडक आहे. शेळीजवळ लेकरू तोंडाच्या बाजूला उभं राहील. गाय, म्हैस, बैल असेल तर लेकरू जनावराजवळ नकोच. लोखंडी खोड्यात जनावर घेतलं की ते लाथ मारतं, अंग टाकतं, शिंग फिरवतं. पाइपाच्या मधे लेकराचा हात सापडला तर हाड राहत नाही. गाय कितीही गरीब असू द्या, "आमची गंगा काही करत नाही" असं कुणी म्हणू नका. गंगा घरी काही करत नाही. दवाखान्यात ती घाबरलेली असते. लेकरू भिंतीजवळ, झाडाखाली, तुम्हाला दिसेल असं उभं करा. तीन-चार वर्षांच्या लेकराला तर जावेकडे, शेजारणीकडे ठेवूनच या. एका हातात दोरी आणि काखेत लेकरू, यात दोन्ही सुटतात.

काही वेळा मोठ्या लेकरालाही नेऊ नका. शेळी किंवा गाय गाभडली असेल, तर त्या जागी लेकरू नको आणि गाभण बाईही नको. सांसर्गिक गर्भपाताचा रोग जनावरातून माणसात येतो. वार, मेलेलं पिलू, रक्त याला उघडा हात लावायचा नाही. हातमोजे घालून ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं नाही. शेळीच्या ओठावर मावा आला असेल, तर लेकरांनी तिच्या तोंडाशी तोंड नेऊ नये, कारण ते फोड हातावर येतात. पोटफुगी फार झाली की डॉक्टर डाव्या कुशीत टोकदार नळी घालून हवा सोडतात. जीव वाचवायचाच तो उपाय आहे, पण लेकराला मात्र पोटात सुरी खुपसल्यासारखं दिसतं. अशा वेळी लेकराला पाणी आणायला पाठवा. जनावर उठूच शकत नसेल तर कुणालाच पाठवू नका. १९६२ या नंबरवर फोन करा. फोनला पैसे लागत नाहीत आणि जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक दारात येतं. हा नंबर लेकरांना पाठ करायला लावा. त्या सात वर्षांच्या पोराला तो नंबर ठाऊक असता आणि घरात फोन असता, तर काय झालं असतं, असं माझ्या मनात येतं.

घरी आल्यावर साबणानं हात धुवायचे, लेकरानं आणि आपणही. रिकामी सुई, बाटली खेळायला द्यायची नाही, घरीच आणायची नाही. दूध देणाऱ्या जनावराला इंजेक्शन झालं असेल, तर दूध किती दिवस प्यायचं नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या. ते विचारायचं कामही लेकराला द्या. त्याच्याच पेल्याचा प्रश्न आहे, ते विसरणार नाही.

आता कुत्र्याचं बोलते, कारण इथं शेळीपेक्षा लेकराच्या जिवाची गोष्ट आहे. मुंबईत परळला जनावरांचा जुना मोठा दवाखाना आहे. त्याला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं नाव आहे. तिथं शहरातली माणसं कुत्री-मांजरी घेऊन जातात. आपल्याकडे कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की लोक हसतात. भाकरीचा तुकडा टाकला की झालं कुत्रं. पण तेच कुत्रं दारात असतं आणि लेकरं त्याच्या गळ्यात पडतात. कुत्र्याचं पिलू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढं दरवर्षी. नेताना गळ्यात पट्टा, तोंडाला पट्टी, आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात. लेकरू सोबत आलं तरी टोचताना कुत्र्याचं डोकं त्यानं धरायचं नाही. दवाखान्यात दुसऱ्याचं कुत्रं असेल तर त्याला हात लावायचा नाही.

जगात संशयित रेबीजच्या जनावरांनी ज्यांना चावलंय त्यांतली साधारण ४० टक्के पंधरा वर्षांखालची लेकरं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याची दोन कारणं मला दिसतात. लेकरं कुत्र्याच्या जवळ जातात, आणि चावलं तर सांगत नाहीत. का सांगत नाहीत? मार मिळेल म्हणून. आणि पोटात चौदा सुया देतात, ही जुनी भीती आपणच अजून त्यांच्या कानावर घालतो म्हणून. आता पोटात सुया देत नाहीत. सरकारी दवाखान्यात दंडाच्या चामडीत देतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरतात, म्हणून तारखा कागदावर लिहून घ्या. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध टोचतात. पण आधी घरातच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. नुसतं ओरखडलं असेल, पिलूच असेल, घरचंच असेल, तरी दाखवायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग जवळजवळ कुणी वाचत नाही.

एक गोष्ट लेकरांना सांगण्यासारखी आहे. १८८५ सालच्या जुलै महिन्यात जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्याच्या आईनं त्याला लांबून पॅरिसला आणलं, लुई पाश्चर यांच्याकडे. रेबीजची लस तोवर माणसावर नीट वापरलेलीच नव्हती. आई नाही म्हणाली असती तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं. त्या पोराला दहा-अकरा दिवस रोज सुया टोचल्या आणि पोरगा जगला. मोठा झाल्यावर त्यानं पाश्चर यांच्याच संस्थेत नोकरी केली. पोरं या गोष्टीत पहिल्यांदा एकच विचारतात, "त्यानं आईला सांगितलं का, कुत्रं चावलं म्हणून?" मी म्हणते, सांगितलं म्हणून तर वाचला. हे ऐकलं की कधीकधी एखादं पोरगं हळूच पायावरचा ओरखडा दाखवतं.

शेवटी जनावर गेल्यावर काय. तेही लेकराला सांगावं लागतं. "झोपली" म्हणू नका. लेकरू मग रात्री झोपायला घाबरतं. "देवानं नेली" म्हणायचं असेल तर म्हणा, आपली श्रद्धा आहे, पण त्याआधी "मेली" हा शब्द उच्चारा. मेली म्हणजे आता खाणार नाही, उठणार नाही, तिला दुखणारही नाही. रडलं तर रडू द्या. "पोरगा असून रडतो काय," हे तर अजिबात नको. डॉक्टरनं मारली, असं त्याच्यासमोर बोलू नका. राग असतो, पैसा गेलेला असतो, तोंडातून निघतं. पण पुढच्या शेळीच्या वेळी तेच वाक्य आडवं येतं. विमा असेल तर डॉक्टर बघेपर्यंत पुरायचं नाही आणि कानातला बिल्ला काढायचा नाही. डॉक्टरांनी शव उघडून बघितलं तर लेकरू तिथं नको. सगळं झाल्यावर, खड्ड्यात माती टाकताना, त्याला यायचं असेल तर येऊ द्या. नसेल यायचं तर ओढू नका.

त्या ताईंनी पोराला नंतर काय सांगितलं, हे तुम्ही विचाराल. त्यांनी त्याला समोर बसवून तांबडी कुणाला, कितीला विकली, ते पैसे कुठं गेले, सगळं सांगितलं. पोरानं दोन दिवस आईशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, नवीन शेळी कधी आणायची. आता त्यांच्या गोठ्यात पाट आहे. बिल्ल्याचा नंबर पोराला पाठ आहे, आणि लसीला तोच घेऊन येतो. शेळी ओरडली की तोच तिला म्हणतो, "झालं झालं, घरी जायचंय."

आता यादीचं. प्रत्येक गटाच्या सचिवांनी शेळ्या किती, करडं किती, गाभण किती, बिल्ले नसलेल्या किती, ते आजच लिहून द्यायचं. गाभण शेळ्या वेगळ्या लिहा, त्यांचं डॉक्टर ठरवतील. कुत्री असतील तर तीही लिहा, लाजू नका. यावेळी कागदावर मी एक रकाना वाढवलाय, सोबत येणाऱ्या लेकराचं नाव आणि वय. म्हणजे त्या दिवशी किती लेकरं येणार ते आधी कळेल, सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची सोय करता येईल, आणि बिल्ले वाचायला कुणाला बसवायचं तेही ठरवता येईल. पेन माझ्याकडे आहे. पुढच्या रांगेतल्या काकू, तुमच्यापासून सुरुवात करू. किती शेळ्या, आणि नातीचं नाव काय?